तळघरातला पेशंट

"वरचं किती, खालचं किती?"

कसा आहेस नाही, जेवलास का नाही. सिस्टर भेटल्या की पहिला प्रश्न हा, आणि आपण तोंड उघडेपर्यंत आपलं मनगट त्यांच्या तीन बोटांत गेलेलं असायचं. दुसऱ्या हाताने त्या स्वेटरला उलटं टाचलेलं घड्याळ वर करून बघायच्या. तेवढा वेळ न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावातली सगळी रहदारी थांबायची. खोटं वाटत असेल तर ओक ट्री रोडवर कुणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका; तिला माझं काहीच खरं वाटत नाही.

एकदा मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण चालू होतं. चालू होतं म्हणजे असं चालू होतं की पुढच्या रांगेतली मुलं तेवढ्यात कॉलेजला जाऊन नोकरीला लागली. सिस्टर उठल्या, शांतपणे स्टेजवर चढल्या, अध्यक्षांचं मनगट धरलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, "भाषण बंद. यांचं वरचं चढलंय." सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्षांना इमर्जन्सीत नेलं तेव्हा कळलं की सिस्टरांचं निदान बरोबर होतं. टाळ्या कशाला होत्या हे अध्यक्षांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मी आधी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी पहिल्याच भेटीत मला थांबवलं. "मावशी नको म्हणू बाप्पा. आमच्या नागपूरच्या वॉर्डात मावशी म्हणजे आया. तिचं काम वेगळं, माझं वेगळं. मला सिस्टर म्हण." नागपूरच्या सरकारी इस्पितळात त्यांनी सुरुवात केली, लग्न होऊन इथे आल्या, इथल्या परीक्षा दिल्या आणि न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. त्यामुळे आमच्या गल्लीत लहानथोर, देशी-विदेशी, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. आता त्या इथे नाहीत. मुलाकडे, दूर दुसऱ्या राज्यात, प्लेनोला असतात. त्यांच्या घरात नवीन लोक आलेत. चांगले आहेत, पण मनगट धरत नाहीत.

त्यांचं घर माझ्या घराला लागून, मध्ये फक्त एक ड्राइव्हवे. गल्लीतल्या बाकीच्या घरांत गरम हवा फुंकणारी यंत्रं आली होती. सिस्टरांकडे मात्र बेसमेंटमध्ये जुना बॉयलर होता. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी पाइपांतून सगळ्या घराच्या भिंतींच्या कडेने फिरायचं. बॉयलर म्हणजे साधासुधा नव्हे. बसलेल्या म्हशीएवढा. मला तर वाटतं आधी बॉयलर होता, मग थंडी वाजते म्हणून त्याच्याभोवती घर बांधलं.

पुढच्या खोलीत, खिडकीशी, काका झोपलेले असायचे. काका म्हणजे सिस्टरांचे यजमान. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढलेला माणूस. अर्धांगाचा दुसरा झटका आला आणि त्यांच्याजवळ एकच शब्द उरला: "बरं." मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांना ऑफिसातल्या कटकटी सांगायचो. ते डोळे मिटून म्हणायचे, "बरं." सांगतो ना, माझं बोलणं इतकं मनापासून मान्य करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. त्यांचे पाय मात्र कायम गार. सिस्टर हाताने चोळून चोळून दमायच्या, लोकरीचे मोजे चढवायच्या, तरी गार. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: छाती अशक्त आहे, घर गरम ठेवा.

त्या डिसेंबरात एका सकाळी बॉयलर बंद पडला. प्लंबर आला, त्याने कुठे काय फिरवून तो चालू केला आणि जाताना म्हणाला, "खूप म्हातारा झालाय. पुन्हा बोलावलंत तर लाल चिठ्ठी लावून गॅस बंद करावा लागेल." लाल चिठ्ठी म्हणजे हे यंत्र धोक्याचं, वापरू नका.

नेमक्या त्याच दिवशी काकांना तपासायला, घरी येऊन पेशंट बघणाऱ्या एजन्सीची नर्स आली होती. तिने गार घर पाहिलं आणि प्लेनोला फोन केला. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मुलगा इथेच जन्मलेला, चांगला माणूस. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले होते.

"मॉम, इफ द हीट गोज आउट वन मोर टाइम, वी आर मूव्हिंग हिम. माझ्या इथल्या नर्सिंग फॅसिलिटीत. इट्स अ गुड प्लेस. फाइव्ह स्टार्स."

"स्टार नको सांगू. खाटा सांग."

"व्हॉट?"

"एका सिस्टरकडे किती खाटा? विचारलंस?"

"मॉम, आय ॲम नॉट द व्हिलन हिअर."

"तू नाहीस रे बाळा. कुणीच नसतं."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "मी त्या नोकरीत आयुष्य काढलंय. वाईट कुणी नसतं तिथे. पण खाटा खूप असतात. माणूस जायचा, तेव्हा मी नेहमी दुसऱ्याच खाटेपाशी असायचे. नेहमी. यांचं मी तसं होऊ देणार नाही. हे जातील तर या खोलीत, आणि मी इथे बसलेली असेन." मग उठून स्वेटर नीट केला. "चल इंजिनिअर, खाली चल. पेशंट पाहायचा आहे."

मी सॉफ्टवेअरवाला. माझं सगळं काम क्लाउडवर. जमिनीखाली माझं काही चालत नाही हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. पण त्यांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर.

बॉयलरच्या पोटावर प्रेशरचा काटा होता. सिस्टरांनी तो वाचायला जी पद्धत लावली ती कुठल्याच प्लंबरला सुचली नसती. त्यांनी बॉयलरचं बीपी बघायला सुरुवात केली. सकाळी गार असतो तेव्हाचं प्रेशर ते खालचं. पूर्ण तापल्यावरचं ते वरचं. पाणी तापलं की फुगतं, म्हणून प्रेशर चढतं; निवलं की उतरतं; तेवढं चढउतार निरोगी. खालचं बारा आणि वरचं वीसच्या आसपास, ही प्रकृती उत्तम. तिसाला गेलं तर बाजूची झडप आपोआप उघडते आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकते. हे सगळं त्यांनी यंत्रासोबतच्या पत्रकावरून वाचून काढलं होतं आणि काट्याच्या काचेवर बारापाशी एक हिरवी टिकली लावली होती, विसापाशी एक मरून रंगाची.

"या दोन टिकल्यांमध्ये राहिला की मी झोपले," त्या म्हणाल्या.

पण राहीना. बारा-वीसचं दहा-पंचवीस झालं. मग आठ आणि जवळजवळ तीस. झडपेखालच्या नळीतून टप टप पाणी पडायला लागलं. सिस्टरांनी तिथे स्टीलची बादली ठेवली.

"अंतर वाढून राहिलं," त्या काळजीने म्हणाल्या. "वरचं जास्त, खालचं कमी. हे लक्षण चांगलं नाही."

"सिस्टर, प्लंबरला बोलावू या. दुसऱ्या कुणाला."

"आणि त्याने लाल चिठ्ठी लावली तर? एजन्सी यांना त्याच दिवशी उचलेल. नाही बाप्पा. थंडी सरेपर्यंत मी याला तगवते. अशा किती पेशंटांना तगवलंय मी."

मग उपचार सुरू झाले. सकाळी खालचं कमी दिसलं की सिस्टर पाण्याचा नळ हळूच सोडून काटा हिरव्या टिकलीवर आणायच्या. याला त्या सलाईन म्हणायच्या. दुपारी वरचं चढलं की खालच्या तोटीतून थोडं पाणी काढून घ्यायच्या. वरच्या खोलीत काकांचं बीपी, तळघरात बॉयलरचं. दोन पेशंट, एक सिस्टर, आणि मध्ये तो जिना. त्या जिन्यावरून त्या हिवाळ्यात सिस्टर जितक्या चढल्या तितक्यात माणूस हिमालय चढून, उतरून, तिथे चहाची टपरी टाकून परत आला असता. गुडघे सुजले होते. मी म्हटलं, मी बघतो दुपारचं. तर म्हणाल्या, "ड्यूटी वाटून घ्यायची तर हॅंडओव्हर नीट लागतो. तू गप्पा मारतोस."

थंडीही अशी पडली की माझ्या गाडीतली रस्ता दाखवणारी बाई नुसतं 'घरी जा, घरी जा' म्हणायला लागली. अंगणातल्या खारी शेपट्या मफलरसारख्या गळ्याभोवती गुंडाळून बसायच्या.

एजन्सीची नर्स दर आठवड्याला यायची. ती काकांना तपासायची आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघायची. एकदा ती यायच्या वेळेला घर साठ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे आपल्या पंधरा अंशांवर गेलं होतं. सिस्टरांनी काय करावं? वरणभाताचा कुकर शेगडीवरून उतरवून थेट थर्मोस्टॅटखाली स्टुलावर ठेवला. नर्स आली, आकडा पाहिला, सत्तरच्या वर. खूश झाली. "स्मेल्स अमेझिंग," म्हणाली. तिला वरणभात वाढला. पण थर्मोस्टॅटलाही वाटलं की घर गरम झालं, आणि त्याने बॉयलर बंद करून टाकला. नर्स जाईपर्यंत सिस्टर आणि मी कुडकुडत हसत बसलो होतो. ती गेल्यावर सिस्टर काकांच्या पायांशी बसल्या, मोजे काढले, पाय स्वतःच्या पोटाशी धरले आणि पुष्कळ वेळ तशाच राहिल्या. मी कुकर उचलून आत नेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. बर्फ एवढा की माझ्या दारातली टपालपेटी दिसेनाशी झाली. मी तिची हयात नसल्याची नोंद मनातल्या मनात केली. सकाळी चहा घेत होतो, तर सिस्टरांचा फोन.

"इंजिनिअर, ये. पेशंट फुटला."

मी आणि बायको बर्फातून पोहत गेलो म्हणा. बेसमेंटमध्ये वाफ आणि पाणी. झडप उघडली होती आणि मिटतच नव्हती. पाणी भसाभस येत होतं. बॉयलर स्वतःहून बंद झाला होता. मी बायकोला म्हटलं, मिळेल त्या प्लंबरला फोन कर. ती एकामागून एक फोन करत सुटली. सगळे म्हणाले, उद्या. एकजण म्हणाला, माझ्या ट्रकला बर्फ ढकलायचं पातं आहे, जमलं तर येतो.

काकांचा श्वास पहाटेपासून बदलला होता. सिस्टर मला म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या दोन पायऱ्या खाली यायच्या, पुन्हा वर जायच्या. शेवटी मला म्हणाल्या, "तू खाली थांब. काटा बघ आणि मला ओरडून सांग. मी यांच्याजवळ आहे."

मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो.

"सिस्टर, दहा!"

"सलाईन सोड!" वरून आवाज आला.

मी नळ सोडला. जेवढं आत जात होतं तेवढं झडपेतून बाहेर येत होतं.

"आठ!"

"पूर्ण सोड!"

"पूर्णच आहे! सहा! सिस्टर, सहावर आलं!"

मी जिन्याकडे तोंड करून पुन्हा ओरडलो.

"सिस्टर! चार! काय करू?"

मग एकदम हळू, जिन्यातून कसंबसं ऐकू येईल असं:

"राहू दे. नळ बंद कर. तू वर ये."

मी वर आलो. पुढच्या खोलीत आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. बायकोने घरी जाऊन आमचे सगळे कोट आणले होते. माझे, तिचे, आमच्या मुलाचे स्कीइंगचे. ते सगळे काकांवर रचले होते. सिस्टर त्या अरुंद खाटेवर, कठड्याची बाजू खाली करून, काकांच्या शेजारी आडव्या झाल्या होत्या. एक हात कोटांच्या आत, काकांच्या मनगटावर. घड्याळाकडे बघत नव्हत्या.

"काका," मी म्हटलं, "मी आलोय."

त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

सिस्टर त्यांच्या कानाशी त्रिसरण म्हणायला लागल्या. मंत्राचा आवाज असा नव्हताच. रोजचं काहीतरी सांगत असाव्यात तसा. मध्येच थांबल्या, "पाय गरम झाले बरं का तुमचे," म्हणाल्या, आणि पुढे म्हणू लागल्या. मी पायांना हात लावून पाहिला नाही. बाहेर बर्फ पडत होता, त्याला काहीच आवाज नव्हता. दुपार व्हायच्या सुमारास त्या म्हणायच्या थांबल्या. हात मात्र तिथेच राहू दिला.

एजन्सीची नर्स फोनवर म्हणाली, रस्ता उघडला की येते. अंत्यविधीसाठी नेणाऱ्या लोकांनी उद्या सकाळ सांगितली. मुलाचं विमान रद्द झालं होतं, दुसरं पहाटेचं मिळालं. सिस्टरांनी हे तिन्ही फोन स्वतः केले, स्पष्ट आवाजात.

आणि तेवढ्यात दारात ट्रक थांबला. मिशांवर बर्फ, हातात पेटी, फोनवरचा तो पात्याच्या ट्रकवाला प्लंबर. त्याला काय सांगणार? तो एवढ्या वादळातून आला होता. त्याने दारातूनच पुढच्या खोलीत पाहिलं, टोपी काढली, आणि खाली गेला. मी त्याच्या मागे गेलो.

त्याने बॉयलरकडे पाहिलंसुद्धा नाही. छताजवळच्या पाइपाला दुधाच्या कॅनसारखी एक टाकी लटकत होती, तिला बोटाच्या पेराने टकटक केलं. वर केलं, खाली केलं. दोन्हीकडे भरीव आवाज. बाहेर जाऊन ट्रकमधून तशीच नवी टाकी आणली, नवी झडप आणली. बघता बघता दोन्ही बसवलं, पाणी भरलं, बॉयलर पेटवला. काटा हिरव्या टिकलीवरून निघाला, सावकाश चढला आणि मरून टिकलीच्या अलीकडे येऊन थांबला. माझ्या मागे पायरी वाजली. आवाज ऐकून सिस्टर खाली आल्या होत्या.

"व्हॉट वॉज इट?" त्यांनी विचारलं.

तो त्यांना समजावून सांगू लागला. या टाकीत मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूला हवा, एका बाजूला पाणी. पाणी तापून फुगलं की हवेला दाबून जागा करून घेतं. तुमचा पडदा फाटला होता. हवा गेली, सगळीकडे पाणी भरलं. मग फुगायला जागाच नाही. म्हणून तापलं की प्रेशर एकदम वर, झडप गळणार. निवलं की खाली. त्यात वरून कितीही पाणी घाला, उपयोग नाही. बॉयलर म्हातारा आहे, पण ठीक आहे. मी लाल चिठ्ठीचं विचारलं, तर म्हणाला, तिचं काही कारण नाही.

"तासाभराचंच काम होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, जीभ तोडून घ्यावी.

सिस्टर त्या काढून ठेवलेल्या जुन्या टाकीजवळ गेल्या. वाकल्या आणि तिच्यावर बोटं आपटून आवाज ऐकला. वरून खाली, एकेक बोट सरकवत, पेशंटची पाठ वाजवून बघतात तसा.

"फुप्फुसात पाणी होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी सलाईन देत होते." मग माझ्याकडे न बघता, "पहिल्या वर्षाच्या मुलीही नाही करत असं."

प्लंबरला मराठी कळत नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली.

आम्ही वर आलो. भिंतीच्या कडेचे पाइप टिकटिक करायला लागले होते. सगळ्या हिवाळ्यात त्या घरात जी ऊब मी पाहिली नव्हती, ती आता जमिनीवरून चढायला लागली. खिडकीच्या काचेवरचा बर्फ कडेने सुटला. माझ्या बायकोने नकळत हात पुढे करून शेकायला सुरुवात केली होती. सिस्टर खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी पाइपावर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मुलगा उद्या येईल. तोवर यांना ठेवायचं आहे. त्याला बाप घरातच बघू दे." प्लंबरकडे वळून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "टर्न इट ऑफ. प्लीज."

"मॅम, इट जस्ट…" तो म्हणाला, आणि थांबला. मग खाली गेला. थोड्या वेळाने पाइपांची टिकटिक बंद झाली.

सिस्टरांनी खाटेशेजारची खिडकी पूर्ण वर केली. बर्फाचे कण आत येऊन उशीवर पडले, आणि वितळले नाहीत. मग त्यांनी काकांवरचे कोट एकेक करून उचलायला सुरुवात केली. प्रत्येक कोट झटकला, बाह्या सरळ केल्या. माझा मला दिला, बायकोचा तिला दिला, आमच्या मुलाचा माझ्या खांद्यावर टाकला.

"घाला," त्या म्हणाल्या. "गारठून जाल."

आम्ही घातले. सिस्टर नुसत्या स्वेटरवर, खुर्ची ओढून, उघड्या खिडकीपाशी बसल्या.